साठवता न येणारा माल

अंजूरफाट्यावरून ठाण्याकडे निघाले की राहनाळ लागते, मग पूर्णा, काल्हेर, कशेळी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्यांची गोदामे. मुंबईची जकात चुकवायची तर माल महापालिकेच्या हद्दीबाहेर उतरवावा आणि लागेल तसा आत न्यावा, या साध्या व्यापारी हिशेबाने भिवंडीच्या या पट्ट्यातल्या भातजमिनींचे रूप पालटले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. कापडाचे तागे, टायर, रंग, रसायने, औषधे, घरपोच जाणारी खोकी, जे जे म्हणून साठवता येते ते इथे साठवले जाते. शेतीला लागणाऱ्या मालातली एक जिन्नस मात्र अशी आहे की ती यांतल्या कुठल्याही गोदामात ठेवता येणार नाही.

तिचे नाव ट्रायकोकार्ड. पुठ्ठ्याचा हातभरही नसलेला तुकडा आणि त्यावर डिंकाने चिकटवलेली सुमारे २० हजार अंडी. अंडी एका पतंगाची, पण त्यांतून पतंग बाहेर येणार नसतो. येते ती ट्रायकोग्रामा नावाची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबीची, गांधीलमाशीच्या दूरच्या भाऊबंदातली माशी. शेतात सुटली की ती खोडकिड्याची किंवा बोंडअळीची अंडी हुडकते आणि त्यांत स्वतःचे अंडे घालते. त्या अंड्यातून अळी जन्मालाच येत नाही. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळच्या वेळी, पाऊस नसताना, पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या. कार्ड तयार झाल्यापासून माश्या बाहेर पडेपर्यंत हाताशी मोजके दिवस असतात. थंड पेटीत ठेवून ते थोडे लांबवता येतात, इतकेच. भर दुपारी टेम्पोत विसरले तर उरतो नुसता पुठ्ठा. गंमत म्हणजे ही माशी ज्या पतंगाच्या अंड्यांवर पोसतात तो पतंग कोठारातला आहे, साठवलेल्या तांदळात जाळी करणारा, धान्यव्यापाऱ्यांचा जुना वैरी. प्रयोगशाळेत त्याला भरडलेली ज्वारी-बाजरी घालून मुद्दाम वाढवतात.

किडीचे नैसर्गिक शत्रू हाताशी धरून पीक राखायची ही रीत आपल्याकडे मागे पडली, त्याचा दोष शास्त्राच्या कच्चेपणावर टाकण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ती मागे पडली कारण ती माल नाही. ती साठत नाही, तिच्यावर छापील किंमत टिकत नाही, दुकानदाराला तिच्यात सुटत काही नाही, आणि मुख्य म्हणजे एकट्या शेतकऱ्याला ती विकत घेऊन आपल्या बांधाच्या आत ठेवता येत नाही. तिला बाटलीत भरून फडताळावर मांडायचा खटाटोप गेली तीस-चाळीस वर्षे चालू आहे. तो खटाटोपच मला उलट्या दिशेचा वाटतो.

भाताचे खाचर घेऊन बघू, कारण राहनाळच्या मातीचे मूळ पीक तेच. पाऊस पडतो, चिखलणी होते, आवणी उरकते. या पहिल्या महिन्यात खाचरात किडी फारशा नसतात. तरी कोळी येऊन बसलेले असतात. खायला काही नसताना ते जगतात कशावर? इंडोनेशियात जावा बेटावर झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचे उत्तर दिले. चिखलात कुजणारे शेण, धसकटे, काडीकचरा यांवर सूक्ष्म जीव वाढतात. त्यांवर चिलटांच्या अळ्या आणि पाण्यातले बारीकसारीक कीटक पोसतात. आणि त्या निरुपद्रवी चिलटांवर कोळी, पाणढेकूण, चतुर आपली संख्या वाढवून ठेवतात. तुडतुडे नंतर येतात. तोवर पहारा उभा झालेला असतो. यातला महत्त्वाचा भाग असा की हा पहारा कुणी सोडलेला नसतो, विकत आणलेला नसतो. तो आपोआप उभा राहतो, फक्त पहिल्या ४० दिवसांत कुणी फवारणी करून तो मोडू नये.

आणि नेमकी तीच फवारणी सर्वांत जास्त होते. पाने गुंडाळणारी अळी दिसते, पाने पांढुरकी पडतात, पीक डोळ्यांदेखत विटल्यासारखे होते. हात पंपाकडे जातो. वास्तविक कोवळे भात अशी पानांची झीज फुटवे काढून भरून देते. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या खोऱ्यात १९९० च्या दशकात शेतकऱ्यांना एवढेच सांगितले गेले: पेरणीनंतर पहिले ४० दिवस अळीसाठी फवारू नका, हवे तर एका तुकड्यावर करून बघा. रेडिओवरून, चुटक्यांच्या स्वरूपात सांगितले. फवारण्या निम्म्यावर आल्या. उत्पन्नाचे काही बिघडले नाही.

तपकिरी तुडतुड्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. हा कीटक चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या वर चार बोटांवर बसून रस शोषतो. मादी आपली अंडी पानाच्या आवरणात खुपसून ठेवते. तिथे औषध पोचत नाही. औषधाने मरतात ते वर फिरणारे कोळी, आणि तुडतुड्यांची अंडी शोषून खाणारा सिर्टोऱ्हिनस नावाचा हिरवा-काळा ढेकूण. आठवड्याभराने अंडी फुटतात, तेव्हा पिले मोकळ्या मैदानात जन्म घेतात. मग शेतात गोलाकार खळी पडल्यासारखे भात करपत जाते. पीटर केनमोर या तरुण संशोधकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करताना दाखवून दिले की तुडतुड्यांचा उद्रेक हा फवारणी कमी पडल्याचा परिणाम नाही, फवारणीचाच परिणाम आहे. जिथे जास्त फवारले तिथे जास्त तुडतुडे.

इंडोनेशियाचे सरकार तेव्हा कीटकनाशकांवर मोठी सवलत देत होते आणि तुडतुडे पिकामागून पीक खात होते. १९८६ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी एका आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सवलतही काढून घेतली. भाताचे उत्पादन कोसळले नाही, वाढले. हुकूमशहाचे कौतुक करण्याचा हा प्रसंग नव्हे. पण सरकारने एखादी गोष्ट करण्याऐवजी करायचे थांबवले आणि तिचा उपयोग झाला, अशी उदाहरणे शेतीच्या इतिहासात फार नाहीत, म्हणून हे लक्षात राहते. पुढे तिथे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. चार-दोन एकरांच्या शेतकऱ्यांनी आठवड्यातून एकदा खाचरात उतरायचे, दहा-वीस चूड हलवून बघायचे, किडी किती आणि त्यांना खाणारे किती हे मोजायचे, कागदावर चित्र काढायचे आणि मग ठरवायचे. आपल्याकडे कृषी विभागाच्या शेतीशाळा त्याच बीजातून आल्या. हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था तर आडाखाच देते: दोन किडींमागे एक शत्रू दिसत असेल तर फवारणीची घाई करू नका.

एवढे कळलेले असताना शेतकरी फवारतो का? तो अडाणी आहे म्हणून, असे उत्तर देणाऱ्यांनी भिवंडी तालुक्यातल्या भातशेतकऱ्याचा एक दिवस बघावा. त्याच्या घरातला एक जण गोदामात सुपरवायझर आहे, दुसरा टेम्पो चालवतो, जमिनीचा एक तुकडा भाड्यावर गेला आहे, दुसरा कज्ज्यात आहे, आणि उरलेल्या दहा-वीस गुंठ्यांत भात आहे कारण बापजाद्यांनी लावले आणि घरचा तांदूळ खायची सवय मोडवत नाही. त्याला आठवड्यातून एक सकाळ देऊन चूड हलवत बसायला वेळ कुठला? कृषी सेवा केंद्रात जायचे, ‘दादा, पाने पिवळी पडतायत’ म्हणायचे, काउंटरवरून एक बाटली आणि तिच्यासोबत एक ‘टॉनिक’ घ्यायचे, रविवारी १५ लिटरच्या पंपाने दोन फेऱ्या मारायच्या. पैसे जातात, पण मन मोकळे होते. बाटली वेळ वाचवते. कोळी-चतुर यांचा भरवसा धरायचा तर वेळ द्यावा लागतो, नजर द्यावी लागते. अर्धवेळ शेतकऱ्याकडे पैशापेक्षा या दोहोंचीच टंचाई आहे. नैसर्गिक शेतीची व्याख्याने देणारे हे लक्षात घेत नाहीत, म्हणून त्यांच्या सभेला टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी असते.

बाटलीची किंमत फक्त रुपयांत चुकती होत नाही, हे यवतमाळने २०१७ च्या खरिपात दाखवले. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन एकट्या त्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातली बीटी कपाशी पोखरली. म्हणजे विषही झाले आणि कीडही राहिली.

यावर बाजाराने तोडगा काढला तो जैविक बाटलीचा. ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया, मेटारायझियम, स्युडोमोनास: या बुरश्या आणि जिवाणू खरोखर काम करतात. हरभऱ्याच्या मर रोगावर बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळणे ही भोंदूगिरी नाही. ती बुरशी मुळांभोवती आधी जागा धरते, रोगाच्या बुरशीला वेटोळे घालून खाते. घाटेअळीच्या विषाणूने मेलेली अळी झाडावर उलटी लटकते. एकदा ते पाहिलेला शेतकरी पुन्हा विसरत नाही. पण हे सगळे जिवंत आहे. त्याला ऊन सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली खोकी रचून ठेवली की आतले बीजाणू मरत जातात. लेबलावरची मुदत मात्र शिल्लक असते. जूनमध्ये शेतकरी ती बाटली वापरतो, फरक दिसत नाही, आणि ‘जैविकमध्ये दम नाही’ असे मत कायमचे होते. मग तो दम आणण्यासाठी काही महाभाग जैविक म्हणून विकायच्या मालात रासायनिक कीटकनाशक मिसळतात. अशी भेसळ तपासण्यांत सापडलेली आहे. जिवंत वस्तूला निर्जीव वस्तूच्या पुरवठासाखळीत कोंबले की एक तर ती मरते, नाहीतर खोटी होते. मधली वाट मला दिसत नाही.

असे असेल तर महाराष्ट्रात ही रीत कुठे यशस्वी झालीच नाही का? झाली, आणि दणदणीत झाली. तिची आठवण मात्र लोकांनी ठेवलेली नाही. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसू लागली. लोकरी मावा. पानांतला रस शोषायचा, चिकट स्राव खाली टाकायचा, त्यावर काळी बुरशी चढायची. पांढरा-काळा झालेला ऊस बघून शेतकरी हादरले. सांगली, सातारा, कोल्हापूर, पलीकडे बेळगाव असा तो पसरत गेला. फवारण्या झाल्या. पण मेणचट लोकरीतून औषध आत जात नव्हते आणि दोन माणसे उंच उसात पंप घेऊन शिरणे हेच दिव्य होते. मग त्याच पानांवर, माव्याच्या वस्तीत जाळे विणून राहणारी एक अळी दिसू लागली: डिफा. ती मावा फस्त करत होती. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा दुसरा भक्षक होता. पुढे ईशान्येकडून एन्कार्सिया ही परोपजीवी माशी आणून सोडली गेली. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने, कृषी विद्यापीठांनी, कारखान्यांच्या ऊस विकास विभागांनी शेडनेटमध्ये माव्यासकट ऊस वाढवून त्यावर डिफा पोसली. शेतकऱ्यांनी डिफा असलेल्या पानांचे तुकडे कापून या फडातून त्या फडात नेले. पाच-सहा वर्षांत लोकरी मावा हा भीतीचा विषय राहिला नाही. आजही तो अधूनमधून दिसतो. त्याच्यामागोमाग डिफाही दिसते.

कीटकशास्त्राचे श्रेय आहेच, पण मला या कथेत कीटकांहून कारखाना जास्त महत्त्वाचा वाटतो. सहकारी साखर कारखान्याचे गाळप ज्या उसावर अवलंबून, तो ऊस त्याच्याच सभासदांचा. नुकसान ज्याचे आणि यंत्रणा ज्याची तो एकच. कारखान्याकडे शेतकी अधिकारी होते, गटवार नोंदी होत्या, कुणाच्या फडात कधी लागण झाली हे ठाऊक होते, गाड्या होत्या, आणि मुख्य म्हणजे ‘तुमच्या फडात डिफा आहे, फवारू नका’ हे सांगायचा अधिकार होता. मित्रकीटक दुकानातून न येता संस्थेतून आले. त्यांना गोदाम लागले नाही, कारण ते एका फडातून थेट दुसऱ्या फडात गेले.

कोकणातल्या भातशेतकऱ्यामागे असा कारखाना नाही. त्याचे भात बहुतेक घरात खाल्ले जाते. ते वाचले काय, बुडाले काय, कुणाचे गाळप बंद पडत नाही. कर्जतचे भात संशोधन केंद्र शंभर वर्षांहून जुने आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी नेमक्या आहेत. खोडकिड्याने झालेला गाभेमर आणि पुढे येणारी पळींज, म्हणजे पांढऱ्या पोचट लोंब्या, कमी करायच्या तर वैभव विळ्याने जमिनीलगत कापणी करा, म्हणजे खोडातल्या अळ्या पेंढ्यासोबत शेताबाहेर जातील. धसकटे नांगरून टाका. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडा, कारण अंड्यांचे पुंजके तिथेच असतात. यात विकत घ्यायचे काही नाही. पण एका शेतकऱ्याने जमिनीलगत कापले आणि शेजारच्या चौघांनी उंच बुडखे ठेवले, तर पतंग उडून येणारच. पतंग सातबारा बघत नाही. कोळीही बघत नाही. शेजाऱ्याने तीनदा फवारले तर माझ्या खाचरातला पहाराही विरळ होतो. कीड आणि तिचे शत्रू ही शिवाराची गोष्ट आहे, गाव जसे तळे किंवा गायरान राखते तशी राखायची. ती गटवार वाटून घेता येत नाही.

शिवाराची म्हणून जी संपत्ती होती तिचे आपण काय केले, हे बेडकांच्या हिशेबात दिसते. भाताच्या खाचरातला सर्वांत मोठा कीडखाऊ बेडूक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून वर्षाला हजारो टन बेडकांचे पाय परदेशी पाठवले जात होते. पावसाळी रात्री गॅसबत्तीच्या उजेडात खाचरांतून बेडूक गोळा व्हायचे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले हुमायून अब्दुलअली यांनी या निर्यातीविरुद्ध आकडेवारीनिशी लिहिले, पाठपुरावा केला, आणि १९८७ मध्ये निर्यात बंद झाली. पायांच्या निर्यातीतून मिळालेले परकीय चलन एका रकान्यात आणि कीटकनाशकांवरचा खर्च दुसऱ्या रकान्यात, असा हिशेब त्या काळी मांडला गेला तो मला आजही चोख वाटतो. बंदीने व्यापार थांबला. बेडूक राहतो ते पाणी मात्र त्यानंतर भरावाखाली गेले. ठाणे-रायगडात पहिल्या पावसात मासे ओढ्यातून खाचरांत चढतात, त्याला वलगण म्हणतात. आगरी घरांत तो सणच. ते मासे, चिंबोऱ्या, बेडूक, चतुर हे सगळे एकाच वाटेने येतात. वाट म्हणजे ओढा. गोदामासाठी भराव टाकून जमीन रस्त्याच्या पातळीला आणली आणि ओढ्याला सिमेंटच्या गटारात घातले, की खाचर उरले तरी त्यात चढणारे उरत नाही. मग शिल्लक राहिलेले भात हे चारी बाजूंनी तुटलेले बेट होते. पतंग उडत येतात, तुडतुडे वाऱ्यावर येतात. चालत-पोहत येणारे शत्रू येऊ शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी कुणी मोजलेली मी वाचली नाही, पण तर्काला धरून आहे. खोडकिड्याचे पतंग आणि तुडतुडे उजेडाकडे ओढले जातात. म्हणून तर शेतात प्रकाशसापळे लावतात. गोदामाच्या आवारातले रात्रभर जळणारे दिवे भाताच्या तुकड्याला लागून असतील तर आपण आसपासच्या किडींना आवतण देतो आहोत. सापळा आहे, फक्त त्याखाली पाण्याचे घमेले ठेवलेले नाही.

आता या पद्धतीच्या मर्यादा, कारण तिचे भक्त त्या सांगत नाहीत. भातावरचा करपा आणि कडाकरपा यांना आवरणारा भरवशाचा नैसर्गिक शत्रू शेतकऱ्याच्या हाती आज नाही. तिथे रोगाला दाद न देणारे वाण आणि युरियावर लगाम हेच खरे. दुसरे, बाहेरून आणलेला शत्रू स्वतःच शत्रू होऊ शकतो. उसातले भुंगेरे खातील म्हणून १९३५ साली ऑस्ट्रेलियात सोडलेले दक्षिण अमेरिकी भेक तिथे आजतागायत पसरत आहेत. आपल्याकडे गाजरगवतासाठी मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगा १९८४ मध्ये बंगळूरला सोडला. काही वर्षांनी तो सूर्यफुलावर दिसल्याची हाकाटी झाली आणि पुढचे सोडणे बराच काळ अडले. भीती अवास्तव ठरली, पण विचारणे रास्त होते. तिसरे, काही ठिकाणी शत्रू काम करतो, तरी पुरा पडत नाही. कल्याणजवळ उल्हास नदी जलपर्णीने झाकते. तिला खाणारे सोंडे भारतात १९८० च्या दशकातच आणले आहेत, कित्येक तळ्यांत त्यांनी ती आटोक्यातही आणली. पण सांडपाण्याचे खत अखंड मिळणाऱ्या नदीत वनस्पती खाल्ली जाते त्याहून वेगाने वाढते. किड्याने आपले काम केले, महापालिकांनी आपले करायचे राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

२०१८ मध्ये मक्यावर आलेल्या अमेरिकन लष्करी अळीनेही हेच दाखवले. तिची अंडी खाणाऱ्या माश्या आहेत, तिला मारणारी बुरशी आहे आणि पावसाळी हवेत ती बुरशी शेतात आपोआप पसरलेली शेतकऱ्यांनी पाहिली आहे. तरी पोंग्यात शिरलेली अळी चार दिवसांत झाड खाते, तेव्हा ‘थांबा, बुरशी येईल’ असे शेतकऱ्याला सांगणे निर्दयपणाचे आहे. तातडीच्या वेळी रसायन लागेल. ते शेवटी लागावे, आधी नव्हे, आणि कुठे लागणार हे मोजून ठरावे, एवढेच म्हणणे आहे. कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये हीच गोष्ट मांडली आणि तिला आकड्यात बसवले: कीड दिसली म्हणून फवारायचे नाही, नुकसान फवारणीच्या खर्चाहून मोठे होणार असे दिसले तर फवारायचे. महाराष्ट्रात २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला, त्यानंतर शासनाने क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ल्याचा प्रकल्प सुरू केला. गावोगाव निरीक्षक जातात, ठरलेल्या शेतांत मोजणी करतात, नुकसानीची पातळी ओलांडली तर सल्ला निघतो. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत राज्याने पीकसंरक्षणात केलेले हे सर्वांत शहाणपणाचे काम, कारण यात शेतकऱ्याच्या नसलेल्या वेळेची भरपाई संस्था करते. मोजायला दुसरे कुणी येते. कारखान्याची उणीव कोकणात काही अंशी भरून निघायची तर ती याच वाटेने. निरीक्षकाने किडींच्या बरोबरीने कोळी, ढालकिडे आणि सिर्टोऱ्हिनस मोजावेत, आणि ‘फवारू नका’ हा सल्लाही ‘फवारा’ इतक्याच ठसठशीतपणे मोबाइलवर जावा. ‘फवारू नका’ या सल्ल्याची जाहिरात करणारी कंपनी नसते. म्हणून तो सरकारलाच करावा लागेल.

बांधाचेही तसेच. २०१६ मध्ये चीन, थायलंड आणि व्हिएतनाम या तीन देशांतल्या भातशेतीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खाचरांच्या बांधांवर तीळ आणि इतर फुलणारी पिके लावली तर परोपजीवी माश्यांना मध मिळतो, त्या जास्त जगतात. कीटकनाशकांचा वापर ७० टक्क्यांनी घटला आणि उत्पन्न ५ टक्क्यांनी वाढले. कोकणात बांधावर तूर लावण्याची शिफारस आहेच, ती डाळीसाठी. तीळ, झेंडू, भेंडी असे काही फुलते राहिले तर बांध दुप्पट कामाला येईल. ज्याच्याकडे रविवारच उरतो अशा शेतकऱ्याला हे जमण्यासारखे आहे: एकदा पेरायचे आणि तणनाशकाचा हात आवरायचा. स्वच्छ, बोडका बांध म्हणजे चांगली मशागत, ही समजूत तेवढी सोडावी लागेल. तिला सोडणे औषध सोडण्याहून अवघड जाते असा माझा अंदाज आहे. गावात बांधावरून माणसाची पारख होते.

राहनाळमध्ये हे सगळे आता कितपत शक्य आहे? गोदामांमधल्या दहा गुंठ्यांत ओढा तुटल्यावर मित्रकीटकांची शेती उभी करता येईल असे म्हणणे आत्मवंचना होईल. तिथल्या शिल्लक खाचरांचा मालक पुढच्या पाच वर्षांत काय करील हे कीटकशास्त्र ठरवणार नाही, भाड्याचा दर ठरवील. पण गोदामे आता नाशिक महामार्गाने पडघ्याकडे सरकली आहेत, आणि समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक याच तालुक्यात आमण्याला येऊन थांबले आहे. तिथे खाचरे अजून एकमेकांना लागून आहेत, वलगण चढते, बांधावर गवत आहे. तिथले बिनशेतीचे नकाशे एकामागून एक मंजुरीला जाताहेत. त्या प्रत्येक नकाशावर ओढ्याची रेघ असते. ती सिमेंटची न करता दोन्ही काठांना गवताची पट्टी ठेवून मोकळी ठेवणे, भराव टाकताना खालच्या खाचरांकडे जाणारे पाणी न अडवणे, आवारातल्या दिव्यांना खाली वळलेली झडप बसवणे, या अटी परवानगीच्या कागदावर घालता येतात. त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही आणि कायदाही नवा लागत नाही. त्या घालायला सांगणारे माणूस मात्र लागते, आणि ते कृषी विभागातून नियोजन प्राधिकरणाच्या बैठकीला गेले पाहिजे. आज त्या बैठकीत रस्ते, वीज, अग्निशमन यांची माणसे असतात. भाताची बाजू सांगायला तिथे खुर्ची नाही.